उंचीचें भय आणि गडवाटांचें वाङ्मय

आमच्या मराठी वाङ्मयांत गडकिल्ल्यांविषयीं विपुल लेखन झालें आहे. बखरकारांनीं लिहिलें, शाहिरांनीं गाइलें, संशोधकांनीं मोजमापें घेतलीं, कादंबरीकारांनीं रंग भरले. आणि गेल्या कांहीं दशकांत वाटा दाखविणाऱ्या पुस्तकांची व लेखांची तर मोठीच भर पडली. या सर्व लेखनांत शौर्याला जागा मिळाली, भक्तीला मिळाली, सृष्टिसौंदर्यालाही मिळाली. परंतु एका माणसास मात्र कोणीं फारसें आसन दिलेलें दिसत नाहीं. कड्याच्या कडेशीं येतांच ज्याचे गुडघे लटपटतात, तळहातांस घाम सुटतो आणि दरी आपणास ओढून घेत आहे असें ज्यास वाटूं लागतें, तो हा माणूस. तो बहुधा आपली भीति लपवितो, मंडळींबरोबर निघतो, आणि अर्ध्या वाटेवर कातळास बिलगून बसतो. मग त्यास हंसणारे पुष्कळ भेटतात; परंतु तो तेथपर्यंत कसा आला आणि कोणत्या शब्दांवर विसंबून आला, याचा विचार करणारे थोडे. टीकाकाराचें काम शब्दांची परीक्षा करण्याचें असल्यामुळें, हा विचार आमच्या कक्षेबाहेरचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

ही उणीव कशी नडते तें पाहण्यासाठीं मोठ्या सिद्धांतापेक्षां एक लहान प्रश्न घेणें बरें. पेण तालुक्यांतील हमरापूर हें गांव तेथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांमुळें दूरवर ठाऊक आहे. पनवेल-रोहा लोहमार्गावर जिते आणि पेण या स्थानकांच्या मध्यें तें लागतें. त्याच्या उत्तरेस कर्नाळा, त्याहीपलीकडे प्रबळगड आणि कलावंतिणीचा सुळका, पेणच्या जवळ सांकशी, दक्षिणेकडे पालीचा सरसगड व सुधागड, आणि आणखी दूर महाडाच्या बाजूस रायगड. गड पाहण्याची हौस असणाऱ्यास याहून सोईची जागा कोणती? आतां या गांवांतील एका कुटुंबांत सर्वांस गडावर जाण्याची इच्छा आहे, पण एकास उंचीचें भय आहे, असें समजा. त्यानें पहिला गड कोणता निवडावा? हा एवढाच प्रश्न घेऊन आम्ही आमच्या वाङ्मयाकडे गेलों, तर तें काय उत्तर देतें?

प्रथम न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. वाटा दाखविणारें मराठी लेखन टाकाऊ मुळींच नाहीं. पायथ्याचें गांव कोणतें, गाडी कोठें सोडावी, पाण्याचें टाकें कोठें, त्यांतील पाणी पिण्याजोगें आहे कीं नाहीं, मुक्कामास देऊळ आहे कीं गुहा, गड कोणीं कोणापासून घेतला, ही माहिती या लेखकांनीं पायपीट करून गोळा केली आहे. तिच्यामागें निष्ठा आहे, आणि तिच्या आधारानें हजारों तरुण घराबाहेर पडले. परंतु वाटेचें स्वरूप सांगण्याची वेळ आली कीं यांपैकीं बहुतेक लेखन तीन शब्दांवर भागवितें: सोपी, मध्यम, कठीण. हे तीन शब्द कोणाच्या मापानें ठरले, तें कोठेंच सांगितलेलें नसतें. लिहिणारा बहुधा धीट आणि सरावाचा. त्याच्या पायांस जें सोपें, तें त्याच्या लेखणीस सोपें. भिणारा वाचक तो शब्द स्वतःच्या मापानें वाचतो, आणि येथेंच घात होतो.

वास्तविक कोणत्याही वाटेविषयीं तीन वेगवेगळे प्रश्न विचारावयाचे असतात. पहिला श्रमाचा: किती चढ, किती ऊन, किती तास? दुसरा कसबाचा: हात वापरावे लागतात काय, पाऊल ठेवण्यास जागा शोधावी लागते काय? तिसरा उघडेपणाचा: चालतांना बाजूस किंवा पायाखालीं दरी दिसते काय, आणि किती वेळ दिसते? पहिला प्रश्न छातीचा, दुसरा हातापायांचा आणि तिसरा डोळ्यांचा. भिणाऱ्या माणसाचें सारें मरण या तिसऱ्या प्रश्नांत असतें. आमची तीन शब्दांची प्रतवारी या तिन्हींची एकच गोळाबेरीज करते, आणि त्यामुळें ज्यास तिसऱ्याचें उत्तर हवें त्याच्या हातीं कांहींच पडत नाहीं.

उदाहरणें घेऊं. रायगडाच्या पायऱ्या दीड हजारांच्या घरांत आहेत. चढतां चढतां दम निघतो. परंतु वाट रुंद आहे आणि ती बहुतेक ठिकाणीं डोंगराच्या अंगास धरून जाते. श्रम फार, उघडेपणा बेताचा. कलावंतिणीच्या सुळक्यावर याच्या उलट. तेथील कातळांत कोरलेल्या पायऱ्या चढण्यास मोठें कसब लागत नाहीं. पण त्यांच्या कडेस कठडा नाहीं, आणि नजर सरळ खालीं जाते. कळसूबाई हें महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर; कलावंतिणीची उंची त्याच्या निम्म्यापेक्षांही कमी. तरी कळसूबाईवरील लोखंडी शिड्यांना धरण्यास दांडे असल्यामुळें पुष्कळ भित्रीं माणसें शिखरावर जाऊन येतात, आणि तींच माणसें कलावंतिणीच्या पायऱ्यांवर मध्येंच थिजतात. म्हणजे पुस्तकांत प्रत्येक गडाच्या नांवापुढें जो उंचीचा आंकडा छापलेला असतो, तो या वाचकाच्या काडीइतक्याही उपयोगाचा नाहीं. समुद्रसपाटीपासून आपण किती वर आलों हें डोळ्यांस कळत नाहीं. पायाखालीं किती पोकळी आहे एवढेंच कळतें.

नाशिक जिल्ह्यांतील हरिहर गडाच्या पायऱ्यांचें उदाहरण याहूनही बोलकें आहे. उभ्या कातळांत त्या कोरलेल्या असून प्रत्येक पायरीवर हात रोवण्यासाठीं खोबणी केल्या आहेत. ज्यानें त्या कोरविल्या त्यास मनुष्याच्या हाताचें व मनाचें उत्तम ज्ञान असलें पाहिजे. १८१८ मध्यें इंग्रजांनीं हा गड घेतला, आणि सह्याद्रींतील कित्येक गडांच्या वाटा त्यांनीं उद्ध्वस्त केल्या असतांही या पायऱ्या शाबूत राहिल्या. आज तेथें सुटीच्या दिवशीं गर्दी लोटते, आणि तीच सर्वांत मोठी अडचण होऊन बसते. कारण अरुंद जिन्यावर चढणारे व उतरणारे समोरासमोर आले म्हणजे भिणाऱ्यास ना पुढें जातां येत, ना मागें. खोबणीनें दिलेला धीर गर्दी हिरावून घेते. वाटेचें वर्णन करणाऱ्यानें हें सांगणें खोबणीचें कौतुक करण्याइतकेंच अगत्याचें आहे.

या बाबतींत युरोपांतील एका प्रथेकडे पाहणें बोधप्रद होईल. आल्प्स पर्वतांत कड्यांवर पोलादी दोर, लोखंडी पायऱ्या व शिड्या ठोकून तयार केलेल्या वाटा आहेत. इटालियन भाषेंत त्यांस ‘व्हिया फेराता’ म्हणतात. आपण लोखंडी वाट म्हणूं. ऑस्ट्रियांतील डाखस्टाइन शिखरावर १८४३ मध्येंच अशा प्रकारच्या खुंट्या व दोर बसविण्यांत आले होते. पुढें १९१५ ते १९१७ या काळांत डोलोमाइट पर्वतांत इटलीचें सैन्य व ऑस्ट्रिया-हंगेरीचें सैन्य समोरासमोर लढत असतां दोन्ही बाजूंनीं शिपाई व सामान चढविण्यासाठीं कड्यांवर शिड्या आणि दोर लावले. त्यांपैकीं कित्येक वाटा दुरुस्त करून आज प्रवासी वापरतात. म्हणजे आमच्या गडांच्या पायऱ्यांप्रमाणेंच याही वाटांचें मूळ युद्धांत आहे.

या वाटेवर जाणारा कमरेस पट्टा बांधतो. पट्ट्यापासून दोन दोऱ्या निघतात आणि प्रत्येकीच्या टोंकास एक कडी असते. दोन्ही कड्या पोलादी दोरांत अडकवून तो वर सरकतो. दोर जेथें खडकास ठोकलेला असतो तेथें पोहोंचल्यावर प्रथम एक कडी काढून पलीकडे लावावयाची, मग दुसरी. म्हणजे कोणत्याही क्षणीं निदान एक कडी तरी दोरांत राहते. पाय सुटलाच तर माणूस खालच्या ठोक्यापर्यंत घसरतो. तो धक्का मोठा असतो, आणि म्हणून पट्ट्याजवळ शिवलेली एक घडी असते, ती उसवत जाऊन धक्का गिळते. या साधनासाठीं युरोपांत २०१७ मध्यें सुधारलेलें जें प्रमाण आहे तें ४० ते १२० किलो वजनाच्या माणसांसाठीं आहे. त्याहून हलक्या मुलास वरून स्वतंत्र दोर लावावा लागतो. इतकें करूनही पडणें निर्धोक होत नाहीं; वाटेंतील लोखंडी पायऱ्यांवर आदळून हाडें मोडतात. तेव्हां दोर आहे म्हणून भय व्यर्थ आहे, असें तेथील जाणते कधीं म्हणत नाहींत.

परंतु आमचें लक्ष त्या लोखंडापेक्षां त्याविषयींच्या लेखनाकडे आहे. तेथील मार्गदर्शक पुस्तकें वाटांची प्रतवारी अक्षरांनीं वा आंकड्यांनीं करतात, आणि डोलोमाइटच्या वाटांवरील एका प्रसिद्ध इंग्रजी पुस्तकानें तर दोन मापें वेगळीं ठेवलीं आहेत: कसब किती लागेल याचें आंकड्यानें, आणि वाट किती गंभीर आहे, म्हणजे संकट आल्यास सुटका किती दूर आहे, याचें अक्षरानें. वाटेचा नकाशा असतो, त्यांत प्रत्येक टप्प्याची कठिणता निराळी दाखविलेली असते, आणि मध्येंच बाहेर पडण्याची आडवाट असल्यास तीही दाखविलेली असते. भिणाऱ्या नवख्यास निवड करतांना याच गोष्टी कामास येतात: वाट लहान असावी; सर्वांत कठीण जागा प्रारंभींच असावी, म्हणजे न जमल्यास परततां येतें; मध्यें बाहेर पडण्याची सोय असावी; आणि खालीं परतण्याची वाट पायवाट असावी. या वाटा बहुधा एकाच दिशेनें चढण्याच्या असतात. मागून माणसें येत असतां उलटें फिरणें अवघड पडतें. म्हणून निवड पायथ्याशीं नव्हे, घरीं बसून करावयाची असते, आणि घरीं बसून निवडणाऱ्याजवळ शब्दांखेरीज दुसरें साधन नसतें. शब्द चुकला कीं वाट चुकली.

तथापि या पुस्तकांनाही आमचा एक आक्षेप आहे. तेथेंही वाटेस दिलेली प्रत मुख्यतः हातापायांच्या कामाची असते. डोळ्यांस काय सोसावें लागेल तें पुष्कळदां वर्णनाच्या एखाद्या वाक्यांत लपून राहतें. सर्वांत सोप्या प्रतीची वाटही एखाद्या धारेवरून दोन्ही बाजूंस दरी ठेवून जाऊं शकते, आणि तिच्याहून वरच्या प्रतीची वाट दोन कातळांच्या खांचेंतून अशी जाऊं शकते कीं भिणाऱ्यास दरीचें दर्शनच होऊं नये. अक्षरावर विसंबणारा तेथेंही फसतो. तेव्हां परदेशचें तें सारें सोनें, असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांनीं प्रश्न वेगळे करण्यास आरंभ केला, एवढेंच श्रेय आम्ही त्यांस देतों.

आतां या भयाचें स्वरूप पाहूं; कारण आमच्या लेखकांची चूक मुळांत येथें आहे. ते उंचीच्या भयास भित्रेपणा समजतात. मनुष्य ताठ उभा राहतो तो तीन साक्षीदारांच्या भरवशावर: डोळे, कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय, आणि स्नायु व सांधे यांतून येणारी जाणीव. उभें असतांना आपलें शरीर सदैव किंचित् झुलत असतें, आणि जवळच्या स्थिर वस्तूंच्या आधारानें डोळे तें झुलणें टिपून सावरून घेतात. कड्याच्या कडेस जवळची वस्तुच नाहींशी होते. पुढें आहे ती दूरची दरी. डोळ्यांची साक्ष तुटते, झुलणें वाढतें, शरीर ताठरतें, आणि ताठरलेलें शरीर अधिकच डळमळतें. ही गोष्ट थोड्याफार प्रमाणांत सर्वांसच घडते. जर्मनींत झालेल्या आणि २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत शंभरांपैकीं सुमारें २८ जणांनीं उंचीवर असा त्रास आयुष्यांत केव्हां ना केव्हां अनुभवल्याचें सांगितलें. दहा जणांच्या मेळ्यांत दोघे-तिघे तरी असे असावयाचे, हा याचा अर्थ. आणि ते दोघे-तिघे बहुधा बोलत नाहींत.

शिवाय हें भय उपजत शहाणपणाचाही एक भाग आहे. गिब्सन व वॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९६० मध्यें एक प्रसिद्ध प्रयोग मांडला. जाड कांचेच्या अर्ध्या भागाखालीं लगेच नक्षीचें कापड आणि उरलेल्या अर्ध्या भागाखालीं खोल पोकळी, अशी रचना करून त्यावर रांगतीं मुलें सोडलीं, तेव्हां बहुतेक मुलें पोकळीच्या बाजूस गेलीं नाहींत. पलीकडून आई बोलावीत असतांही गेलीं नाहींत. जें भय रांगत्या मुलास वांचवितें तें प्रौढ माणसांत दिसलें म्हणून त्याची थट्टा करावी काय? पहारेकरी गरजेहून अधिक ओरडतो एवढाच त्याचा दोष; त्यास ठार करणें हा उपाय नव्हे, त्यास शिकविणें हा उपाय आहे.

आमच्या कथावाङ्मयानें या पहारेकऱ्यास कसें वागविलें? हिरकणीची आख्यायिका घ्या. गडाचे दरवाजे मिटले, घरीं तान्हें मूल, म्हणून ती गवळण रात्रीं रायगडाचा कडा उतरून गेली. महाराजांनीं तिचा गौरव केला आणि त्या जागीं बुरूज बांधला. ही कथा आम्ही मुलांस मातृप्रेमाची म्हणून सांगतों, आणि ती तशी आहेच. परंतु कांहीं सांगणारे तिच्यांत आणखी एक गोष्ट सांगतात: दुसरे दिवशीं उजेडांत तीच जागा पाहतांच हिरकणीस कांपरें भरलें. आमच्या मतें कथेचें सर्वांत खरें स्थान तें हेंच. कारण त्यांत कथाकारानें जाणलें आहे कीं रात्रीच्या अंधारानें तिच्या डोळ्यांवरील दरी झांकली होती, आणि शूर स्त्रीसही दिवसा भय वाटूं शकतें. तिचें शौर्य भयाच्या अभावांत नव्हतें. दुर्दैव असें कीं व्याख्यानांतून व पाठ्यपुस्तकी सारांशांतून हाच भाग बहुधा गळतो, आणि निर्भयतेची एक मूर्ति तेवढी शिल्लक राहते.

तानाजीच्या घोरपडीचेंही असेंच आहे. १६७० च्या सिंहगडाच्या स्वारींत घोरपडीस दोर बांधून ती कड्यावर सोडली, ही कथा इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं. परंतु कथा म्हणून पाहिली तरी तिच्यांत दोर आहे, हें आम्ही विसरतों. सिंहगडाचे वीर नुसत्या छातीवर चढले नाहींत. दोराची सोय करून चढले. साधनाची चिंता करणें हें भ्याडपणाचें लक्षण नसून लढवय्याचें लक्षण आहे, हा त्या कथेचा अर्थ आम्हीं घ्यावयास हवा होता. घेतला तो मात्र ‘मावळा कधीं भीत नाहीं’ हा.

अलीकडच्या लेखकांत गोपाल नीळकंठ दांडेकरांस याविषयींची जाण अधिक होती असें आम्हांस वाटतें. ‘जैत रे जैत’ ही त्यांची कादंबरी कर्नाळ्याच्या परिसरांतील ठाकरांची. तिच्यावरील जब्बार पटेल यांचा चित्रपटही १९७७ पासून सर्वपरिचित आहे. नाग्या कड्यावर चढतो तो हौसेनें नव्हे; मधमाश्यांशीं त्याचें वैर आहे, आणि त्या वैरास त्याचे कारण आहे. शेवटीं जैत होते, पण चिंधीच्या मृत्यूनें तिचें मोल चुकवावें लागतें. कड्यास किंमत असते, हें सत्य लेखकानें झांकलें नाहीं. आज कर्नाळ्यास जाणारा सुळक्याकडे बोट दाखवून नाग्याची गोष्ट सांगतो; त्यानें चिंधीचीही सांगावी.

परंतु भिणाऱ्यानें काय करावें, याचें प्रत्यक्ष चित्र आम्हांस सांपडतें तें जर्मन कवि गटे याच्या आत्मचरित्रांत. १७७० च्या सुमारास तो स्ट्रासबुर्ग येथें शिकत होता. उंचावरून त्यास घेरी येई. तेथील मोठ्या चर्चचा मनोरा १४२ मीटर उंचीचा. गटे एकटाच त्यावर चढे, अगदीं वर कळसाच्या खालीं आडोशाच्या जागेंत पाव तास बसून राही, आणि मग बाहेर हातभर रुंदीच्या, कांहीं धरावयास नसलेल्या जागेवर पाऊल टाकी. हा क्रम त्यानें इतक्या वेळां केला कीं अखेर त्या दृश्याचें त्यास कांहींच वाटेना. आणि पुढें डोंगरांतील प्रवासांत व भूगर्भाच्या अभ्यासांत त्यास याचा मोठा उपयोग झाला. विसाव्या शतकांत मानसोपचाराचे शास्त्रज्ञ पायरी पायरीनें भय सोडविण्याची जी पद्धति सांगूं लागले, तिच्या कितीतरी आधीं एका कवीनें ती स्वतःवर करून पाहिली होती. या वर्णनांतील तीन गोष्टी आम्हांस मोलाच्या वाटतात. तो आपलें भय सांगतो, लपवीत नाहीं. जागा तो स्वतः निवडतो. मित्रांच्या आग्रहानें जात नाहीं. आणि बाहेर पाऊल टाकण्याआधीं तो आडोशाला बसतो. हा आडोशाचा पाव तास आमच्या गडवाङ्मयांत कोठेंच नाहीं.

आणि तो शोधावयास स्ट्रासबुर्गास जाण्याची तरी काय गरज? हमरापूरच्या कारखान्यांतच तो आहे. तेथें नव्यानें आलेल्या पोरास पहिल्या दिवशीं मूर्तीचे डोळे आंखावयास कोणी बसवीत नाहीं. तो सांचा भरूं लागतो, सांधे बुजवितो, कागदानें घासतो, मग अंगाचा रंग लावतो. डोळ्यांची आंखणी ही हात बसलेल्या कारागिराची. पोराचा हात कांपतो म्हणून त्यास कोणी नामर्द म्हणत नाहीं. त्यास अजून डोळे द्यावयाचे नाहींत, एवढेंच समजतात. जो शहाणपणा मातीच्या मूर्तीस आम्ही दाखवितों, तो हाडामांसाच्या माणसास दाखवावयास काय हरकत आहे?

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, कीं इतकें तपशीलानें भय दाखविलें तर भिणारा घराबाहेरच पडणार नाहीं. त्यास ‘कांहीं नाहीं, सोपें आहे’ म्हणून न्यावें, वर गेला कीं भीति आपोआप जाते. क्वचित् जातेही. परंतु न गेली तर काय होतें? कड्यावर थिजलेला माणूस स्वतःस तर संकटांत घालतोच, त्यास उतरविणाऱ्यांसही घालतो. आणि सुखरूप परतला तरी पुन्हां कधीं गडाचें नांव काढीत नाहीं. शिवाय त्यास खोटें सांगून नेणाऱ्याच्या शब्दावरील त्याचा विश्वास कायमचा उडतो, आणि डोंगरांत सोबत्याच्या शब्दाइतका मोठा आधार दुसरा नाहीं. अज्ञात वस्तूची भीति ज्ञात वस्तूच्या भीतीहून मोठी असते. ‘वीस पावलें उजवीकडे दरी आहे, डावीकडे धरावयास साखळी आहे’ असें ज्यास आधीं ठाऊक असतें, तो तीं वीस पावलें मोजून टाकतो.

दुसरा आक्षेप अभिमान्यांचा: अशानें गडांवर सर्वत्र कठडे व शिड्या बसविण्याची मागणी होईल आणि गडांचें गडपण जाईल. या आक्षेपांत तथ्य आहे. जेथें तेथें लोखंड ठोकणें आम्हांसही मान्य नाहीं. ऐतिहासिक कातळास भोंकें पाडण्यापूर्वीं शंभरदां विचार व्हावा, आणि बसविलेल्या लोखंडाची देखभाल होणार नसेल तर तें न बसविणें अधिक बरें, कारण गंजलेली साखळी ही खोट्या शब्दाचीच बहीण आहे. परंतु आमची मागणी लोखंडाची नाहींच, शब्दांची आहे. खरें वर्णन लिहिल्यानें कोणत्याही गडाचा एकही चिरा हलत नाहीं. उलट ज्याचा त्यास योग्य गड सांपडला, तर गड बदलण्याची मागणी कमीच होईल.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. हमरापूरच्या त्या कुटुंबानें प्रथम कोठें जावें? आमच्या कसोटीप्रमाणें उत्तर असें येतें. पहिला गड कर्नाळा. अभयारण्यांतील वाट झाडींतून चढते. झाडी ही भिणाऱ्याची मोठी मैत्रीण, कारण ती डोळ्यांस जवळची वस्तु देते आणि दरी झांकते. उघडी जागा येते ती शेवटीं, माथ्याजवळ; तेथें न जमल्यास मागें फिरावें, आणि त्यांत गेलेलें कांहीं नाहीं. मधला सुळका आरोहणाचें शिक्षण व साधनें असणाऱ्यांसाठीं. इतरांनीं तो खालूनच पाहावा. दुसरा रायगड, पायऱ्यांच्या वाटेनें. हिरकणीवाडीपासून १९९६ पासून रज्जुमार्ग आहे खरा. पण श्रम टाळण्यासाठीं तो उत्तम असला तरी भय टाळण्यासाठीं नव्हे, कारण पाळण्यांत बसल्यावर पायाखालीं पोकळीखेरीज कांहीं उरत नाहीं. येथेंही ‘सोपें’ या शब्दाचे दोन अर्थ परस्परांच्या विरुद्ध उभे राहतात. तिसरा सरसगड. त्याच्या सुमारें शंभर पायऱ्या उंच व दमविणाऱ्या आहेत, पण त्या कातळाच्या खांचेंतून जातात. दोन्ही बाजूंस भिंत असली कीं उभा चढही सोसवतो. उतरतांना मात्र तोंड कातळाकडे करावें आणि एक पायरी झाल्यावर दुसरीचा विचार करावा. चवथा सुधागड, ठाकूरवाडीच्या बाजूनें गेल्यास वाटेंत लोखंडी शिडी लागते, आणि शिडीचा सराव तेथें करतां येतो. सांकशी घराजवळ असला तरी त्याच्या कातळटप्प्यावरील झिजलेल्या पायऱ्या पाहतां तो पहिल्या यादींत येत नाहीं. जवळचें तें सोपें, हाही एक भ्रमच. कलावंतीण आणि हरिहर या क्रमाच्या शेवटीं यावेत, गर्दी नसलेल्या दिवशीं, जाणत्यांच्या सोबतीनें. आणि कधींच न आले तरी आयुष्य उणें होत नाहीं. पावसाळ्यांत कातळ निसरडा होतो, तेव्हां हा सारा क्रम एका पायरीनें खालीं आणावा. आणि निघण्यापूर्वीं वाटेची ताजी चौकशी पायथ्याच्या गांवीं करावी, कारण दरड पुस्तकास विचारून कोसळत नाहीं.

हें उत्तर काढावयास आम्हांस अनेक ठिकाणचीं वर्णनें एकत्र करावीं लागलीं, आणि त्यांतील ‘सोपी’ व ‘कठीण’ हे शब्द बाजूस ठेवावे लागले. यांतच आमच्या टीकेचें सार आलें. यापुढें जो कोणी गडाची वाट लिहील त्यानें तीन वाक्यें अधिक लिहावींत, एवढीच आमची त्यास विनंती आहे: दरी कोठून कोठपर्यंत दिसते, तेथें हातास काय लागतें, आणि परत फिरावयाचें झाल्यास शेवटची सोईची जागा कोणती. या तीन वाक्यांस प्रतिभा लागत नाहीं, इतिहासाचें ज्ञान लागत नाहीं. आपल्याहून भित्र्या माणसाच्या डोळ्यांनीं एकदां खालीं पाहण्याची तयारी मात्र लागते. तेवढी ज्या लेखकाजवळ असेल त्याच्या पुस्तकाचें बोट धरून घरांतील तें कोपऱ्यांत बसणारें माणूसही एक दिवस कर्नाळ्याच्या झाडींतून वर चढेल, आडोशाला पाव तास बसेल, आणि वाटलेंच तर कडेपर्यंत जाऊन येईल.